खांद्याच्या मापाची रायफल

"रायफल फार लागते, मागे चांगलं जाड रबर बसवून द्या," असं म्हणत कुणी दुकानात आलं, की मी पॅडचं कपाट उघडत नाही. शिकारीला जाताना घालतात तो कोट बरोबर आणलाय का, हे आधी विचारतो. नसेल तर पुढच्या वेळी घेऊन यायला सांगतो. इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अगदी शेवटी सुरू होतो. त्या पहाटे पारा बहुधा शून्याच्या आसपास असतो. अंगात लोकरीचा सदरा, त्यावर जाड जाकीट आणि सगळ्यात वर कायद्याने सक्तीचा भडक नारिंगी अंगरखा असतो. इतक्या थरांनी खांद्यापुढे सहज अर्धा-पाऊण इंच भर पडते. ऑगस्टमध्ये टी-शर्टवर घेतलेलं माप नोव्हेंबरच्या त्या माणसाला लागू पडत नाही.

माझं काम दस्त्यांचं, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचं आहे. नळी, बोल्ट, चाप यांच्याशी माझा संबंध मापापुरताच येतो. चिरलेला अक्रोडाचा दस्ता सांधणं, झिजलेल्या दस्त्याला पुन्हा तेल पाजणं, आणि हंगाम जवळ आला की दिवसचे दिवस रिकॉइल पॅड, म्हणजे धक्का झेलणारं बुडाचं रबर, बसवणं, असं ते चालतं. इतकी वर्षं हे करून माझं एक मत पक्कं झालं आहे. धक्क्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांची रायफल त्यांच्या मापाची नसते. रबर कमी पडतंय असं त्यांना वाटत असतं, पण दुखण्याचं मूळ दस्त्याच्या लांबीत, बुडाच्या कलात किंवा गाल टेकायच्या जागेत असतं. पॅड बसवायचं म्हणजे दस्ता कापायचा, आणि दस्ता कापायचा म्हणजे तो त्या माणसाच्या अंगाला बेतायची संधी. ती घालवून नुसतं रबर चिकटवलं, तर पैसे गेले आणि खांदा होता तिथेच राहिला.

महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला शिकारीची रायफल हा विषयच परका वाटेल, याची मला कल्पना आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार बंद झाली, आणि ती बंद होणंच योग्य होतं. इथला इतिहास वेगळ्या वाटेने गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातली हरणं जवळजवळ संपली होती. १८९५मध्ये राज्याने गेम कमिशन नेमलं, १९०६पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, शिकारीला हंगाम आणि मर्यादा घातल्या. आज हरणं इतकी आहेत, की गेली काही वर्षं दर हंगामात चार लाखांच्या आसपास मारली जातात आणि तरीही जंगलातली कोवळी रोपं त्यांच्या तोंडातून वाचत नाहीत. लांडगे इथून केव्हाच गेले. त्यांची जागा परवाना काढलेल्या माणसाने घेतली आहे. ही व्यवस्था मान्य करायची तर त्या माणसाची गोळी नेमकी लागली पाहिजे. पोटात गोळी घेऊन झाडीत शिरलेलं हरीण तासन् तास तडफडतं, कधी सापडतच नाही. माझ्या कामातली सगळी काळजी त्या हरणासाठी आहे. खांद्याला आराम मिळतो तो त्याच्या ओघाने.

धक्का येतो कुठून, ते आधी पाहू. न्यूटनचा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो. इथे सर्वांत जास्त दिसणाऱ्या काडतुसांपैकी एक म्हणजे १९०६ सालचं .३०-०६ स्प्रिंगफील्ड. त्याची १८० ग्रेनची, म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वाआठशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिच्यामागे साडेतीन ग्रॅम दारूचा वायू होऊन तिच्याहूनही वेगाने बाहेर पडतो. पुढे गेलेला हा सगळा संवेग रायफलला मागे घ्यावाच लागतो. दुर्बिणीसकट ३.६ किलोची रायफल सेकंदाला जवळजवळ चार मीटर वेगाने मागे येते आणि तिच्यात सुमारे २७ जूल ऊर्जा असते. पावणेतीन किलोचं वजन मीटरभर उंचीवरून खांद्यावर पडावं, तेवढी. तेच काडतूस डोंगरात वाहून न्यायच्या हलक्या, २.८ किलोच्या रायफलीतून उडवलं, की आकडा ३५ जुलांपर्यंत चढतो. हलकी रायफल घेऊन वर धक्क्याबद्दल कुरकुरणाऱ्यांना मी हे गणित कागदावर मांडून दाखवतो. उलट १९५५ सालचं .२४३ विंचेस्टर नेहमीच्या वजनाच्या रायफलीत या धक्क्याच्या निम्म्यापेक्षाही कमी देतं, आणि या भागातल्या हरणांना ते पुरेसं आहे. कित्येकदा पॅडऐवजी काडतूस बदला, हाच माझा खरा सल्ला असतो.

या गणितातली एक बाब फार थोड्यांच्या लक्षात येते. गोळी नळीतून बाहेर पडायला हजारांश सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या वेळात रायफल मागे सरकते ती जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणजे खांद्याला जो दणका जाणवतो, त्याचा बहुतेक भाग गोळी निघून गेल्यावरचा असतो. त्या गोळीचा नेम त्याने बिघडत नाही. बिघडतो तो पुढच्या गोळीचा, कारण शरीराला दणका आठवतो. बोट चापावर दाब देऊ लागलं, की खांदा आपोआप पुढे येतो, डोळे मिटतात, डावी मूठ आवळते आणि नळीचं तोंड खाली जातं. हे अंग चोरणं माणसाला स्वतःला कळत नाही. गोळीच्या आवाजात आणि धक्क्यात ते झाकलं जातं.

ते उघड करायची एक जुनी युक्ती आहे. मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मध्येच एखादं निकामी, दारू नसलेलं काडतूस दुसऱ्या कुणीतरी भरायचं. गोळी उडवणाऱ्याला ते केव्हा येणार हे ठाऊक नसतं. ते आलं की नुसती टक् होते, आणि रायफल स्थिर राहण्याऐवजी तिचं तोंड चांगलं दोन बोटं खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं. धिप्पाड, पंचवीस-तीस हंगाम केलेली माणसं त्या क्षणी गप्प होतात. धक्का सोसणं म्हणजे मर्दानगी, असं मानणाऱ्या बापांनी आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना असंच अंग चोरायला शिकवलेलं मी पाहिलं आहे. त्याचा मला मनापासून राग येतो. ते मूल पुढे चांगला नेम धरू शकत नाही आणि त्याची किंमत जनावर मोजतं.

पॅड काय करतं? संवेग तेवढाच राहतो, त्यात कुठलंही रबर कपात करू शकत नाही. पॅड दबतं, त्यामुळे रायफल थांबायला थोडा जास्त वेळ आणि थोडं जास्त अंतर मिळतं, आणि जोराचं टोक खाली येतं. शिवाय रुंद, मऊ पॅड खांद्याच्या खळग्याचा आकार घेतं आणि तोच जोर जास्त जागेवर वाटला जातो. जुन्या लिव्हर रायफली आणि त्याआधीच्या केंटकी रायफली पाहा. त्यांच्या बुडाला चंद्रकोरीसारखी खोल बसलेली पितळी किंवा पोलादी पट्टी असे, दोन्ही टोकं अणकुचीदार. ती खांद्याच्या खळग्यात लावायची नसेच, दंडाच्या वरच्या भागावर अडकवायची असे. मंद काडतुसांना ते चालत होतं. तीच पट्टी जोरदार काडतुसाच्या रायफलीवर, आणि तीही आजच्या पद्धतीने खांद्यात धरली, तर खालचं टोक छातीत घुसतं.

सैन्याच्या रायफलींना पॅड नसे, बुडाला धातूची पट्टी असे. पण माप किती महत्त्वाचं हे सैन्याला ठाऊक होतं. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं दिसलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफील्ड, घ्या. तिच्या दस्त्याचा मागचा भाग वेगळा असतो आणि तो अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने चार लांबींत बनत असे. नेहमीच्या लांबीहून कोणता आखूड, कोणता लांब, ते कळावं म्हणून लाकडावर अक्षर ठोकलेलं असे. बुटक्या शिपायाला आखूड आणि उंचाला लांब दस्ता द्यावा, एवढी जाण शंभर वर्षांपूर्वी होती. आज दुकानातून घेतलेली शिकारीची रायफल मात्र सगळ्यांना एकाच लांबीची मिळते. चापापासून बुडाच्या मध्यापर्यंत साडेतेरा ते पावणेचौदा इंच. मध्यम उंचीच्या, उन्हाळी कपड्यांतल्या पुरुषाला ती बरी पडते. बाकीच्यांनी जमवून घ्यायचं.

रबराचं पॅड शिकारीच्या बंदुकांवर आलं ते लंडनमध्ये, १८७०च्या दशकात. एस. डब्ल्यू. सिल्व्हर या कंपनीचा थेम्सकाठी रबराचा कारखाना होता. त्या वस्तीला आजही सिल्व्हरटाउन म्हणतात. त्यांचं विटकरी-नारिंगी रंगाचं पॅड इंग्रजी बंदुकांवर इतकं रुळलं, की त्या धाटणीची पॅडं आजही जुन्या बंदुकांच्या जीर्णोद्धारासाठी बनतात. या कथेला हिंदुस्थानचा एक धागा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आणली. सैन्यातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि त्यांना ही काडतुसं किंवा गोळ्या मिळू नयेत, हे कारण होतं. मग लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांनी बंदी चुकवायला किंचित वेगळी काडतुसं काढली. १९०७च्या सुमारास आलेली .४६५ आणि .४७० ही त्यांतली. राजेरजवाड्यांनी आणि गोऱ्या साहेबांनी वाघ-गव्यांसाठी त्या दुनळी रायफली मागवल्या. पाच किलोच्या त्या रायफलींचा धक्का .३०-०६च्या तिप्पट भरतो. त्यांचं बूड रुंद असतं, रबर चांगलं जाड असतं, आणि दस्ता त्या विशिष्ट गिऱ्हाइकाचं अंगमाप घेऊन बेतलेला असतो. मला त्या शिकारीचं कौतुक नाही, पण कारागिरीचं आहे. आधी माणूस मापायचा आणि मग लाकूड कापायचं, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

आता मापाकडे येतो. गिऱ्हाईक कोट घालून उभं राहिलं, की रायफल रिकामी आहे हे मी स्वतः बोल्ट उघडून पाहतो आणि मग त्याच्या हातात देतो. त्याने डोळे मिटून ती खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. त्या क्षणी दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. भोवती काळी कडा दिसली आणि त्याने मान पुढेमागे केली, तर लांबी चुकली आहे. उजव्या हाताचा अंगठा आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी. कमी असेल तर धक्क्याला अंगठ्याचं हाड नाकावर येतं. दस्ता लांब असेल तर बूड कोटाच्या काखेत अडकतं आणि माणूस खांदा मागे टाकून, पाठीला बाक देऊन उभा राहतो. असा तोल गेलेला माणूस धक्का अंगावर घेतो, अंगाबरोबर मागे झुलून जिरवू शकत नाही. हातांत रायफल असेल तर जरासं पुढे झुकून उभं राहायला हवं. दस्ता लांब असताना ते जमतच नाही.

बुडाचा कल हे दुसरं माप, आणि ते जवळजवळ कुणीच पाहत नाही. रायफलीचं बूड जमिनीवर सपाट टेकवून ती भिंतीला लावली, तर आधी बोल्टच्या जागचा भाग भिंतीला लागतो आणि नळीचं तोंड भिंतीपासून काही इंच दूर राहतं. ते अंतर म्हणजे कल. छाती भरलेली असेल, मग ती पहिलवानाची असो की बाईची, तर कल कमी पडतो. बुडाचं खालचं टोक आधी टेकतं आणि सगळा धक्का त्या दोन बोटं जागेत जातो. बायका "मला रायफल झेपत नाही" म्हणतात तेव्हा पुष्कळदा खरं कारण हे असतं. पाच इंच उंचीच्या बुडावर एक अंश कल बदलला, की कडेला दोन मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. हा दोन मिलिमीटरचा फरक अर्धा इंच जास्त रबरापेक्षा जास्त काम करतो. म्हणून मी कापण्याआधी जुनी पट्टी सैल करून तिच्या खालच्या किंवा वरच्या स्क्रूपाशी पातळ चकती सरकवतो, पुन्हा आवळतो आणि गिऱ्हाइकाला काही गोळ्या उडवून यायला सांगतो. अंदाज बरोबर निघाला, तर तोच कोन करवतीसाठी पक्का करतो.

गालाची बाजूही सांगायला हवी, कारण तिथे पॅड काहीच करत नाही. जुन्या रायफलींचे दस्ते उघड्या साइटसाठी बनलेले, त्यामुळे वरची कडा खाली उतरती असते. त्यावर उंच दुर्बीण बसवली, की माणूस गाल टेकवूच शकत नाही, मान उचलून पाहतो. धक्क्याला दस्ता वर उसळतो आणि गालफडाच्या हाडावर आदळतो. त्याला मी पॅड विकत नाही. दस्त्यावर गालाखाली चामड्याची उशी बांधून देतो, किंवा दुर्बीण खाली उतरवायला सांगतो.

आता पॅडची निवड. कपाटात तीन-चार प्रकार असतात. पॅकमायर कंपनीचं डिसिलरेटर हे बऱ्यापैकी घट्ट, पण दबणारं रबर. घासायला सरळ आणि दिसायला देखणं, अक्रोडाच्या जुन्या दस्त्यांवर मी तेच लावतो. वॉशिंग्टन राज्यातल्या सिम्स कंपनीचं लिंबसेव्हर त्याहून मऊ, आतून पोकळ कप्पे असलेलं. जोरदार काडतुसाच्या प्लॅस्टिकच्या दस्त्यांवर ते छान चालतं. सॉर्बोथेनची पॅडं जड असतात आणि घासताना चिकट होतात, पण धक्का गिळण्यात कुणाला हार जात नाहीत. त्यांच्या वजनानेही थोडी मदत होते. नुसतं अंगठ्याने दाबून पॅड निवडू नये. दुकानात लोण्यासारखं लागणारं पॅड .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या धक्क्याला पार तळाला टेकतं, आणि मग खांद्याला रबर लागत नाही, त्यामागची कडक तळपट्टी लागते. काडतूस जोरदार असेल तर पॅड जाड आणि जरा घट्ट हवं, हलकं असेल तर अर्ध्या-पाऊण इंचाचं मऊ पॅड पुरतं. थंडीत रबर कडक होतं, हेही ध्यानात ठेवावं.

पॅडचा पृष्ठभागही पाहावा. खोल खाचांचं, खरखरीत पॅड टेबलावरून नेम धरणाऱ्याला आवडतं, कारण ते घसरत नाही. झाडीतून चालताना अचानक हरीण दिसलं आणि रायफल झटकन खांद्याला न्यायची असली, तर तेच पॅड कोटाच्या काखेत अडकतं. शिकारीच्या रायफलीला कमी खाचांचं आणि वरची कडा गोल केलेलं पॅड हवं.

काही रायफलींवर करवत चालवायला मी साफ नकार देतो. १९६४ सालापूर्वीची विंचेस्टर मॉडेल ७०, मूळच्या पोलादी पट्टीसकट, हातात आली तर तिचा दस्ता कापणं मला पटत नाही. तिचं मोल त्या न कापलेल्या लाकडात आहे, आणि आजोबांची रायफल म्हणून घरात ते वेगळंच. अशा वेळी दोरीने आवळायचं चामड्याचं पॅड किंवा मोज्यासारखं चढवायचं रबरी पॅड द्यावं. त्याने लांबी पाऊण-एक इंच वाढते, हे मात्र आधी तपासावं. आखूड हाताच्या नातवाला ती वाढलेली रायफल आणखीच जड जाईल. त्याच्यासाठी बाजारातला साधा दुसरा दस्ता घेऊन तो कापावा आणि मूळचा कापडात गुंडाळून ठेवावा.

प्लॅस्टिकच्या दस्त्याला त्याच रायफलीसाठी साच्यातून काढलेलं तयार पॅड मिळतं. दोन स्क्रू काढायचे, दोन लावायचे, दहा मिनिटांचं काम. ते घरी करावं, माझ्याकडे येऊ नये. लाकडाचं काम वेगळं. लाकूड प्रत्येक रायफलीवर हाताने घासलेलं, कित्येकदा झिजलेलं किंवा पुन्हा पॉलिश केलेलं असतं. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींवर तेच तयार पॅड एकीवर आत जातं आणि दुसरीवर बाहेर येतं. म्हणून लाकडाला मोठं पॅड आणून घासून बसवणं हाच मार्ग.

कापायचं गणित सोपं आहे. साडेतेरा इंच लांबी हवी आणि पॅड एक इंचाचं असेल, तर लाकूड साडेबारावर कापायचं. अवघड असतं ते दस्ता धरणं. तो मागे रुंद आणि पुढे निमुळता होत जातो, वरून आणि बाजूनेही. टेबलावर नुसता आडवा ठेवून करवत चालवली, तर कापलेलं तोंड हमखास तिरपं येतं. मी दस्त्याच्या मध्यरेषेला दोरा लावतो आणि पातळ फाळ्या सरकवत ती रेषा पात्याशी काटकोनात आणतो. कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळतो आणि तिच्यावरून धारदार सुरीने सगळीकडून खोल रेघ ओढतो, म्हणजे पात्याचे दात बाहेर पडतात तिथे पॉलिश आणि लाकडाच्या कपच्या उडत नाहीत. बारीक दातांचं पातं, हळू हात. मग काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून तोंड सपाट करतो. पॅडची तळपट्टी आणि लाकूड यांच्यात उजेड दिसता कामा नये. कापलेली चकती मी फेकत नाही, कागदात बांधून गिऱ्हाइकाला देतो. मूल वाढलं की तीच परत जोडता येते, आणि तिच्या लाकडाच्या शिरा दस्त्याच्या शिरांशी जुळतात.

जुन्या स्क्रूंची भोकं नव्या पॅडला बहुधा जुळत नाहीत. त्यांत कठीण लाकडाची खुंटी इपॉक्सीने बसवायची, वाळू द्यायची आणि मग नवी भोकं पाडायची. अर्धवट जुन्या भोकात शिरलेला स्क्रू पहिल्याच हंगामात सैल होतो. यानंतरची पायरी घाईत सगळ्यांत जास्त टाळली जाते. कापलेल्या तोंडावर लाकडाच्या सूक्ष्म नळ्या उघड्या पडलेल्या असतात आणि त्या पाणी ओढून घेतात. तिथे पातळ इपॉक्सीचे किंवा तेलाचे दोन हात दिले नाहीत, तर नोव्हेंबरच्या पावसाबर्फात बूड फुगतं, लाकूड पॅडच्या कडेबाहेर येतं आणि उन्हाळ्यात आक्रसून आत जातं. गिऱ्हाईक म्हणतं पॅड वाकडं बसलंय. पॅड जागेवरच असतं, लाकूड हललेलं असतं.

मग पॅड लावायचं. बाहेरून स्क्रू दिसू नयेत म्हणून रबराच्या तोंडावर स्क्रूच्या जागी अरुंद पात्याने बारीक चीर देतात. स्क्रूला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला व्हॅसलीन चोपडायचं आणि तो चिरेतून आत सोडायचा. कोरडा दांडा फिरवला तर रबर त्याच्याभोवती पिळून फाटतं. व्हॅसलीन असेल तर तो निघाल्यावर चीर मिटते आणि शोधूनही सापडत नाही. पॅड आवळल्यावर धारदार टोच्या लाकडाला अगदी सपाट टेकवून तळपट्टीवर दस्त्याची बाह्यरेषा ओढायची आणि तीत पांढरा खडू भरायचा. मग पॅड परत काढायचं.

घासण्याचं काम दस्त्यावर करायचं नसतं. चिकटपट्टीच्या भरवशावर पॅड जागेवरच घासून देणारेही आहेत. चिकटपट्टी एका क्षणात फाटते आणि घासायच्या यंत्राचा बेल्ट पॉलिश खाऊन टाकतो. पॅड घासायला जिग मिळतो. त्यावर पॅड स्क्रूने बसतं आणि त्याचा कोन बदलता येतो. दस्त्याची खालची रेषा तिरकी मागे जाते. तो तिरपेपणा पॅडच्या खालच्या टोकात तसाच पुढे चालू राहिला पाहिजे. म्हणून जिग आधी दस्त्यावर लावून कोन पकडायचा, खिट्टी आवळायची, खालचा अर्धा भाग घासायचा, मग वरच्या रेषेचा कोन पकडून वरचा अर्धा. असं केलं नाही तर पॅड शेवटी सरळ उभं कापल्यासारखं दिसतं आणि सगळी रायफल मोडल्यासारखी वाटते. ८० नंबरच्या बेल्टने सुरुवात, १२०ने शेवट, दाब अगदी हलका, कारण तापलं की रबर वितळून चोपडं होतं. सॉर्बोथेन मी आधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतो. रबराची काळी भुकटी छातीत जाते, म्हणून मास्क आणि मागे व्हॅक्यूम असल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. खडूची रेघ अर्धी उरली की यंत्र बंद. शेवटचा केसभर भाग हातानेच, ठोकळ्यावर कागद गुंडाळून.

वरची मागची कडा गोल करायची आणि तिथे कोट अडकू नये म्हणून घासून गुळगुळीत ठेवायची. मग डोळे मिटून अंगठा लाकडावरून रबरावर फिरवायचा. सांधा बोटाला लागला तर काम झालेलं नाही.

पॅड बसल्यावर दुर्बीण जागची हलवावीच लागते, आणि हे सांगितल्याशिवाय मी रायफल परत देत नाही. लांबी बदलली की डोळा पुढे किंवा मागे जातो. बहुतेक दुर्बिणींना डोळ्यापासून साडेतीन इंचांच्या आसपास अंतर लागतं. दस्ता इंचभर आखूड केला आणि दुर्बीण तिथेच ठेवली, तर पहिल्याच गोळीला तिची कडा भुवईवर येते आणि कपाळ फुटतं. दुर्बीण कड्यांत पुढे सरकवून नेम पुन्हा जुळवून घ्यायचा. तो टेबलावरून जुळवावा, पण धक्क्याचा निवाडा टेबलावर बसून करू नये. बसलेल्या, पुढे वाकलेल्या माणसाला मागे झुलायला जागा नसते आणि तीच रायफल दुप्पट लागल्यासारखी वाटते. कोट घालून, उभ्याने, चार-पाच गोळ्या, मध्ये मित्राने भरलेलं एखादं निकामी काडतूस. नळीचं तोंड जागच्या जागी राहिलं, तर माझं काम संपलं.

कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्याची बारा बोअर बाळगणारे आहेत. त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. उभ्याने बंदूक खांद्याला लावून आधी लांबी आणि कल पाहावा. दमट हवेत कापलेल्या लाकडाचं तोंड बंद करण्याची गरज तिथे इथल्यापेक्षा जास्त आहे.

पॅडची निगा मोठी नाही. बंदुकीचं तेल आणि सॉल्व्हंट रबराला लागू देऊ नये, लागलंच तर लगेच साबणाने पुसावं. मऊ पॅडवर रायफल वर्षभर उभी ठेवली, तर ते एका बाजूने दबून तसंच राहतं, म्हणून कपाटात ती आडवी किंवा तोंड खाली करून ठेवावी. रबर कायमचं नसतं. काही वर्षांनी ते एक तर दगडासारखं होतं, नाही तर डांबरासारखं चिकट. दर ऑक्टोबरमध्ये नखाने दाबून पाहावं. खूण लगेच भरून आली तर पॅड चांगलं. भरली नाही, किंवा नख रुतलंच नाही, तर हंगामाआधी बदलून घ्यावं. स्क्रू त्याच भोकांत बसतात, दस्ता पुन्हा कापावा लागत नाही.